पंगतीचा पोशाख

सुखनौकांच्या कंपन्या उतारूंच्या हातीं जें माहितीपत्रक देतात त्यांत समुद्र, बेटें आणि सूर्यास्त यांच्या रंगीत चित्रांनंतर एक लहानसें प्रकरण असतें. सायंकाळच्या भोजनास कोणत्या दालनांत बसतां येईल व तेथें कोणत्या वेषानें यावें, याचे नियम त्यांत दिलेले असतात. सातपुड्याच्या पायथ्याशीं, मुंबईच्या धक्क्यापासून सुमारें सहाशें किलोमीटरांवर वसलेल्या आमच्या हिवरखेडास या नियमांशीं कांहीं कर्तव्य असेल असें वीस वर्षांपूर्वीं कोणी म्हटलें असतें, तर आम्ही हंसलों असतों. परंतु आतां पुण्यास किंवा परदेशीं नोकरीस असलेलीं मुलें आपल्या आईबापांस अशा सफरीस नेऊं लागलीं आहेत. २०२१ सालीं कॉर्डेलिया कंपनीचें ‘एम्प्रेस’ हें जहाज मुंबईहून गोव्याकडे व लक्षद्वीपाकडे फेऱ्या करूं लागलें, तेव्हांपासून तर ही हौस मध्यम स्थितींतील कुटुंबांच्याही आवांक्यांत आली आहे. तेव्हां त्या लहानशा प्रकरणांत एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे, त्याचा विचार करण्यास हरकत नाहीं. दुसऱ्याच्या पंगतीस बसतांना मनुष्यानें आपला वेष बदलावा काय, आणि तो बदलावा असा आग्रह धरण्याचा यजमानाचा अधिकार कोठपर्यंत पोंचतो, हा तो प्रश्न होय.

ज्यांस या नौकांची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं व्यवस्था थोडक्यांत सांगतों. मोठ्या नौकेवर एक मुख्य भोजनगृह असतें. तेथें मेज मांडलेलें, वाढपी नेमलेला, पदार्थ एकामागून एक येणार. पुष्कळ ठिकाणीं संध्याकाळच्या दोन पंगती ठरलेल्या. वरच्या मजल्यावर बफेचें दालन असतें; तेथें ज्यानें त्यानें आपलें ताट भरून घ्यावें. याखेरीज जादा पैसे देऊन जेवण्याचीं चार-दोन खास उपाहारगृहें असतात, आणि कोणासच भेटूं नये असें वाटल्यास खोलींत ताट मागवितां येतें. दिवसा वेषाचें बंधन फारसें नसतें. पोहण्याच्या कपड्यांनीं मेजावर येऊं नये, इतकेंच. खरे नियम दिवेलागणीनंतर सुरू होतात. क्यूनार्ड या जुन्या इंग्रजी कंपनीची ‘क्वीन मेरी २’ ही नौका २००४ पासून चालते. तिच्यावर सायंकाळीं सहानंतर मुख्य दालनांतून दिवसाचे सैल कपडे चालत नाहींत, आणि कांहीं ठराविक रात्रीं पुरुषांनीं डिनर जॅकेट किंवा काळा सूट घालावा अशी अपेक्षा असते. ज्यांस ही उठाठेव नको त्यांच्यासाठीं बफेचें दालन व अशींच कांहीं ठराविक स्थळें मोकळीं ठेविलेलीं असतात. त्याच नौकेवर जेवणाचें दालन खोलीच्या भाड्यावरूनही ठरतें. साधारण भाड्याचे उतारू ब्रिटानिया दालनांत, त्याहून अधिकाचे प्रिन्सेस ग्रिलमध्यें आणि सर्वांत अधिकाचे क्वीन्स ग्रिलमध्यें. उलट दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनें, नॉर्वेजियननें, २००० सालापासून ठरलेल्या पंगती व औपचारिक रात्रींची सक्ती काढून टाकून ‘वाटेल तेव्हां, वाटेल तेथें जेवा’ हीच आपली जाहिरात केली, आणि बाकीच्यांचाही कल हळूहळू तिकडेच आहे. मुंबईच्या नौकेवर तर शाकाहारी व जैन भोजनाची निराळी सोय आहे. तेव्हां तेथें पोशाखापेक्षां पाकशुद्धीचीच चौकशी अधिक होत असावी, असा आमचा तर्क आहे.

या प्रश्नास दोन सोपीं उत्तरें नेहमीं दिलीं जातात. पहिलें असें कीं, नौका कंपनीची, नियम तिचे. ज्यास पटत नसेल त्यानें तिकीट काढूं नये. दुसरें असें कीं, वस्त्र हें बाह्य आहे, मनुष्याची योग्यता त्यावरून ठरत नाहीं, तेव्हां हें सारें साहेबी थोतांड आहे. पहिलें उत्तर दुकानदाराचें आहे आणि दुसरें कीर्तनकाराचें. दोन्हींत थोडें थोडें सत्य आहे. पण दोन्ही आम्हांस अपुरीं वाटतात, कारण आपल्याच घरीं जें चालत आलें तें दोन्हींच्या चिमटींत सांपडत नाहीं.

आमच्या वऱ्हाडांतील जुन्या घरांतून आजोबा-पणजोबा कोणत्या वेषानें पानावर बसत, तें आठवावें. बाहेरचें धोतर व अंगरखा खुंटीवर टांगून, स्नान करून, रेशमी कद किंवा मुकटा नेसल्याशिवाय त्यांच्या पानावर भात पडत नसे. डिनर जॅकेटास हंसणाऱ्या आमच्या मित्रांस आम्ही नेहमीं विचारतों कीं, हा काय निराळा प्रकार होता? दिवसभराच्या धंद्याचीं वस्त्रें अंगावर ठेवून अन्नाजवळ जाऊं नये, ही कल्पना दोन्हींच्या मुळाशीं एकच आहे. आणि ती कल्पना वाईट नाहीं. मनुष्य जनावराप्रमाणें भूक लागतांच तोंड घालीत नाहीं, थोडा थांबतो, हातपाय धुतो, अंग नीट करतो आणि मग बसतो. या थांबण्यांत अन्नाविषयीं, तें पिकविणाऱ्याविषयीं, रांधणाऱ्याविषयीं आणि शेजारीं बसणाऱ्याविषयीं आदर आहे. वखरणी करून आलेला शेतकरीही विहिरीवर हातपाय धुऊन, फडक्यानें तोंड पुसून मगच भाकरीचें गांठोडें सोडतो. तो त्याचा पोशाखाचा नियमच होय. जेवणाच्या पूर्वीं स्वतःस नीटनेटकें करावें, येथपर्यंत यजमानाचा आग्रह आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे.

परंतु हेंच सोवळें पुढें कोठें गेलें, हें महाराष्ट्रास सांगण्याची गरज नाहीं. जें स्वतःच्या शरीराविषयीं होतें तें दुसऱ्याच्या स्पर्शाविषयीं झालें. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें आलीं; पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्यास हात लाविला. गोपाळराव जोशी यांनीं हजर मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांत छापवून आणलीं, आणि त्या पेल्यांपायीं पुण्यांत ग्रामण्य माजलें, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, प्रायश्चित्तें झालीं. हे गोपाळराव म्हणजे ज्यांच्या पत्नी आनंदीबाई १८८३ सालीं कलकत्त्याहून आगबोटींत बसून वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या तेच, हा योगायोग मौजेचा आहे. त्या बाई मात्र साडी व शाकाहार दोन्ही संभाळून साता समुद्रांपलीकडे जाऊन आल्या. असो. सांगावयाचें इतकेंच कीं, भोजनाचा नियम ‘तूं स्वच्छ होऊन ये’ असें म्हणतो तोंवर तो संस्कार असतो. ‘तूं कोण आहेस तें आधीं सांग’ असें म्हणूं लागला कीं तो पहारेकरी होतो. मुकट्यास जें लागू तेंच डिनर जॅकेटास.

आतां जहाजावरील नियम यांपैकीं कोणत्या जातीचा? येथें आम्हांस आमच्या गांवांतील एका निवृत्त शिक्षकांची हकीकत सांगितली पाहिजे. जन्मभर धोतर, सदरा व टोपी या वेषांत शिकविलेले हे गृहस्थ मुलाच्या आग्रहावरून एका परदेशी कंपनीच्या नौकेवर सात दिवस राहून आले. समुद्र पाहून त्यांस फार आनंद झाला. परंतु ज्या रात्रीं औपचारिक भोजन होतें त्या रात्रीं, ‘माझ्याजवळ तसला पोशाख नाहीं, मी खोलींतच कांहीं फळें घेईन, तुम्ही जा,’ असें त्यांनीं मुलास व सुनेस सांगितलें. मुलगा व सून नटून गेलीं. मागाहून आम्हीं त्या कंपनीचें पत्रक मागवून वाचलें, तों त्यांत खालीं बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलें कीं, पाहुण्यांच्या देशाचा औपचारिक पोशाखही चालेल. म्हणजे स्वच्छ धोतर, लांब कोट व टोपी घालून हे गृहस्थ खुशाल त्या दालनांत जाऊं शकले असते! नियमानें त्यांस अडविलें नव्हतें. त्यांस अडविलें तें लाजेनें.

आम्ही हें त्यांस सांगितलें तेव्हां ते थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, “मास्तर, नियमाचें मला कांहीं वाटलें नाहीं. पोरानें ‘चला बाबा’ असें दुसऱ्यांदा म्हटलें नाहीं, त्याचें वाटलें.”

ही लाज नवी नाहीं. १८८८ च्या सप्टेंबरांत मोहनदास गांधी नांवाचा एकोणिसाव्या वर्षांतला तरुण मुंबईहून ‘क्लाइड’ या आगबोटीनें विलायतेस निघाला. कांट्याचमच्यांनीं खावें कसें हें त्यास ठाऊक नव्हतें, कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याइतकें धैर्य नव्हतें. म्हणून तो मेजावर न जातां बहुतेक आपल्या खोलींत, घरून आणलेल्या फळां-मिठाईवर राहिला. त्याच खोलींत जुनागडचे एक वकील होते, त्यांनीं त्यास बाहेर ये, लोकांत मिसळ, म्हणून पुष्कळ सांगितलें. साउदॅम्प्टनास उतरतांना त्यानें मोठ्या उमेदीनें पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख चढविला; सप्टेंबरअखेर तसल्या वेषांत तेथें दुसरें कोणी नव्हतें, आणि तो ओशाळला. हाच मनुष्य त्रेचाळीस वर्षांनीं, १९३१ सालीं, आखूड पंचा नेसून व चादर पांघरून बादशहाच्या राजवाड्यांत चहास गेला. या दोन प्रसंगांच्या मध्यें विलायतेचे शिष्टाचार पुष्कळ बदलले असतील, पण इतके नव्हेत. बदलला होता तो मनुष्य. परंतु एवढ्यावरून ‘लाजूं नका, गांधी व्हा’ असा उपदेश आमच्या शिक्षकांस करणें म्हणजे यजमानाचें कर्तव्य पाहुण्याच्या खांद्यावर टाकण्यासारखें आहे. लाज पाहुण्यास वाटते, परंतु ती वाटूं न देण्याची जबाबदारी बोलाविणाऱ्याची असते. आमच्या लग्नांतून पूर्वीं मुलीकडचा एक वडीलधारा मनुष्य केवळ एवढ्यासाठींच मांडवांत फिरे. कोणी गरीब नातलग कोपऱ्यांत उभा राहिला तर त्याचा हात धरून पाटावर बसविणें हें त्याचें काम. बारीक अक्षरांतील सवलतीनें तें काम होत नाहीं. आणि ज्या मुलानें तिकिटांस लाखभर रुपये मोजले, त्यानें आणखी एकदां ‘चला’ म्हणावयास कांहींच लागत नव्हतें.

येथें कीर्तनकारी उत्तरवाला पुन्हां म्हणेल, मग हा पोशाखाचा नियमच का ठेवावा? आमच्याच मुलखांतील गाडगे महाराजांचें उदाहरण तो देईल. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या या पुरुषानें अंगावर चिंध्या आणि हातांत मातीचें फुटकें गाडगें घेऊन सारा महाराष्ट्र झाडला. त्याच गाडग्यांत भाकर घेऊन खाल्ली, आणि त्या भांड्यावरूनच लोकांनीं त्याचें नांव ठेविलें. असल्या मनुष्यापुढें रेशमी टायची किंमत ती काय? उदाहरण थोर आहे, आणि तें ऐकून आमचीही मान खालीं जाते. परंतु त्यास जोडून दुसरें उदाहरण आठवलें पाहिजे. १९२७ च्या डिसेंबरांत महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं जमलेल्या स्त्रियांस सांगितलें कीं, ज्या लुगडें नेसण्याच्या तऱ्हेवरून व ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य आहांत असें ओळखूं येतें ती तऱ्हा व ते दागिने टाकून द्या, आणि नीटनेटक्या राहा. स्वतः ते जन्मभर उत्तम शिवलेल्या सुटांत वावरले. ज्यांस शतकानुशतकें चांगलें वस्त्र अंगावर घेण्याची मनाई होती त्यांच्यापुढें ‘वस्त्रांत काय आहे?’ हें बोलणें कीर्तनकारासही शोभणार नाहीं. चिंध्या पांघरण्यांत मोठेपणा आहे तो निवडीचा. ज्यास निवडच नव्हती त्यास कोट चढविण्यांतच मोठेपणा वाटला, आणि तो योग्यच वाटला. वस्त्र क्षुल्लक आहे असें म्हणण्याचा अधिकार, तें मिळवितां न आलेल्यांच्या आधीं मिळालेल्यांनीं घेऊं नये.

म्हणून आमच्या मतें पोशाखाच्या नियमाची कसोटी ही कीं, तो पाळणें मनुष्याच्या स्वतःच्या हातचें आहे काय. स्वच्छ ये, झांकून ये, दिवसाचा मळ बाहेर ठेवून ये, हें गरिबासही करतां येतें. परंतु विशिष्ट कापडाचा, विशिष्ट देशाच्या शिवणीचाच कोट पाहिजे म्हटलें कीं तो नियम खिशाचा व वंशाचा होतो. २०१४ सालीं मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईस, क्रिकेटच्या एका क्लबानें उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींस वेष्टी नेसून आल्याबद्दल दारांतूनच परत पाठविलें. त्यावर एवढा गहजब झाला कीं, तामिळनाडूच्या सरकारनें त्याच वर्षीं अशी बंदी मोडणारा कायदा केला. त्या मानानें ‘राष्ट्रीय पोशाख चालेल’ म्हणणारी नौका अधिक शहाणी. तिनें तें ठळक अक्षरांत, आणि शक्य तर उतारूंच्या भाषेंत लिहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

एक गोष्ट मात्र पोशाखाच्या बाजूनें बोलली पाहिजे, कारण ती सहसा कोणी बोलत नाहीं. सर्व पुरुष काळ्या कोटांत आले म्हणजे कारकून कोण व कारखानदार कोण हें निदान लांबून कळत नाहीं. मुख्य दालनांत पदार्थ एक, मेज एक, वेष एक. त्याच नौकेवर भाड्यावरून जीं निरनिराळीं दालनें केलेलीं असतात त्यांच्यापेक्षां हा एकसारखा कोट आम्हांस अधिक समतेचा वाटतो. निरनिराळ्या दालनांविषयीं आम्हांस फारसा रागही नाहीं; तो उघड व्यापार आहे, व आगगाडीच्या डब्यांप्रमाणें लोकांस अंगवळणीं पडला आहे. आमच्या पंगतींतला प्रपंच याहून वाईट होता, कारण तेथें एकाच रांगेंत बसवून एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजाऱ्याच्या भातावर थेंब, असें चाले, आणि वर ‘सावकाश होऊं द्या’ म्हणून सर्वांस सारखेच हात जोडले जात.

बफेनें हा प्रपंच एका फटक्यांत मोडला, हें त्याचे वैरीही नाकबूल करणार नाहींत. हिवरखेडच्या मंगल कार्यालयांतून आतां जेवण बहुधा उभ्यानें होतें. कोण कोणाच्या शेजारीं बसला हा प्रश्नच उरला नाहीं, कारण कोणी बसतच नाहीं. जुन्या मंडळींस त्यांत आग्रह गेल्याचें दुःख होतें, आणि तें खरें आहे. ताट हातांत घेऊन पनीरच्या भाजीसाठीं रांगेंत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यास कोणी ‘आणखी एक घ्या’ म्हणत नाहीं. तरीपण पंगती जातीजातींच्या बसत ते दिवस आणि हे दिवस यांत निवडावयाचें झाल्यास आम्ही ताट घेऊन रांगेंत उभे राहूं. नौकेवरील बफेचें दालनही याच अर्थानें उदार आहे. आमच्या शिक्षकांस त्या रात्रीं तेथें जातां आलें असतें. पण मुलगा खालीं मेजावर असतां आपण वर एकट्यानें ताट भरावें, हें त्यांस बरें वाटलें नसावें.

पोशाखाचा नियम सर्वांत कडकपणें ज्यांस लागू असतो त्यांचा उल्लेख पत्रकांत नसतो. वाढप्याचा सदरा रोज पांढराशुभ्र, बूट रोज चकचकीत, हातमोजा निष्कलंक. त्यास सवलतीचें दालन नाहीं. इंग्रजी आगबोटींच्या काळापासून हें काम गोमंतकाच्या मुलांनीं फार केलें आहे. पी अँड ओ कंपनीच्या भोजनगृहांतून गोंयकार वाढपी व आचारी पिढ्यान्‌पिढ्या होते. तारवटी म्हणून निघालेल्या या लोकांस जहाज मिळेतोंवर मुंबईंत राहतां यावें म्हणून गांवोगांवच्या मंडळींनीं ‘कूड’ नांवाचीं वसतिगृहें उभारलीं, त्यांपैकीं कांहीं अद्याप उभीं आहेत. कोणता चमचा कोणत्या पदार्थास हें ज्या गोष्टीपायीं तरुण गांधी खोलींत बसून राहिले, ती गोष्ट सासष्टीच्या खेड्यांतला पोऱ्या पोटासाठीं चार दिवसांत शिकत असे. आजही नौकांवर तो आहे, त्याच्या शेजारीं फिलिपाइन्सचा व इंडोनेशियाचा आहे. ते आपलें जेवण खालच्या मजल्यावर, नोकरांच्या निराळ्या भोजनगृहांत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळांत उरकतात.

आमच्याकडे हिवाळ्यांत शेतांत किंवा मारुतीच्या देवळापुढें रोडग्यांची पंगत होते. गोवऱ्यांच्या आरांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप. खालीं जमीन आणि पुढें पत्रावळ. कोण काय नेसून आला हें तेथें कोणी पाहत नाहीं. फक्त पायांतील जोडे बाहेर काढावे लागतात. एकामागून एक पंगती उठतात, आणि ऊन कलल्यावर सर्वांत शेवटीं वाढप्यांची पंगत बसते. ज्यांनीं सकाळपासून गोवऱ्या रचल्या, राखेंतून रोडगे काढले, वाकून वाकून कंबर दुखेपर्यंत वाढलें, ते राखेनें माखलेल्या कपड्यांनिशीं तसेच बसतात. त्या वेळीं घरधनी स्वतः तुपाचें भांडें हातांत घेतो, त्यांस वाढतो, आणि भाजी सरली असली तर आपल्या वाट्याची त्यांच्या पानांत घालतो.